नागपूरचा शेवटचा मजला: दीड टन, दोन टन, की आधी गच्ची?

एका ताईंनी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर फ्लॅट, वर उघडी गच्ची. बेडरूम १२ बाय १४ फुटांची, खिडकी पश्चिमेला. जुना दीड टनाचा साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला (कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त न होणारा) एसी दर उन्हाळ्यात गॅस मागतो आणि मे महिन्यात रात्री बारापर्यंत खोली गार होत नाही. दुकानदार म्हणतो, दोन टनाचा फाइव्ह स्टार घ्या. हॉलमधला कूलर काढून तिथेही एसी लावावा का, आणि वयस्कर आईला डिसेंबर-जानेवारीत थंडी सोसत नाही तर हॉट अँड कोल्ड एसी घ्यावा का, हेही त्यांनी विचारलं आहे.

विदर्भात एसी आणि कूलरचंच काम मी इतकी वर्षं करतो आहे, त्यामुळे उत्तर इथल्या उन्हाच्या हिशेबाने देतो. मुंबई-पुण्याचे आकडे इथे चालत नाहीत. माझं म्हणणं आधीच सांगतो: दोन टनाचा एसी घेऊ नका. दुकानदार वरच्या टनासाठी जे जास्तीचे पैसे मागतोय त्यातला काही भाग गच्चीवर घाला, काही एसी नीट बसवून घेण्यावर. मग दीड टन तुम्हाला पुरेल आणि बिलही आवाक्यात राहील.

आता हे कशावरून म्हणतो ते बघा. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, आपल्या भाषेत साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता खोलीबाहेर काढण्याची ताकद. म्हणून खोलीत किती किलोवॅट उष्णता येते हे आधी कळलं पाहिजे. बहुतेक दुकानांत चौरस फुटांवरून टन सांगतात. मधल्या मजल्यावर तो अंदाज बरा निघतो, शेवटच्या मजल्यावर साफ चुकतो, कारण तिथे सगळ्यात मोठी शेगडी डोक्यावर असते.

आरसीसी स्लॅब दिवसभर उन्हात तापतो. मे महिन्यात दुपारी गच्चीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या घरात सहज जातो. ती उष्णता पाच-सहा इंच काँक्रीटमधून खाली झिरपायला काही तास घेते, म्हणून छताची खालची बाजू सगळ्यात जास्त तापते ती संध्याकाळनंतर. रात्री नऊ वाजता पलंगावर उभं राहून छताला तळहात लावून बघा. अशा घरात इन्फ्रारेड थर्मामीटर छताकडे धरला की ४० च्या आसपासचा आकडा दिसतो, तेव्हा बाहेरची हवा ३५-३६ वर उतरलेली असते. आता तुमच्या खोलीचा हिशेब मांडू. १२ बाय १४ म्हणजे १६८ चौरस फूट, साडेपंधरा चौरस मीटर छत. छत ४० ला आणि खोली २६ ला ठेवायची, म्हणजे १४ अंशांचा फरक. इतक्या फरकाला दर चौरस मीटरमागे शंभरेक वॅट उष्णता खाली उतरते. एकट्या छतातून दीड किलोवॅट! दीड टनाच्या एसीची जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद नुसत्या छताशी झुंजण्यात जाते. रात्री बारापर्यंत खोली गार होत नाही याचं मुख्य कारण हे आहे, आणि तिथे दोन टनाचा एसी लावला तर तो तेच काम जास्त वीज खाऊन करेल.

पश्चिमेची खिडकी दुसरा हिस्सेदार. चार बाय पाच फुटांच्या काचेवर संध्याकाळी सरळ ऊन आलं की आत आठ-नऊशे वॅट येतात. लोक आतून जाड पडदा लावतात. त्याने अंधार होतो, पण उष्णता काच ओलांडून आत आलेलीच असते, मग पडदा तापतो आणि खोली तापवतो. ऊन काचेच्या बाहेर अडवायचं असतं. बांबूची चीक, शेडनेट, बाहेरून लावलेला वाळ्याचा पडदा, काहीही चालेल. आपल्या आजी-आजोबांच्या घरात वाळ्याच्या ताट्या खिडकीबाहेरच असायच्या, ते उगाच नव्हतं.

माणसं, भिंती, दिवे, फटींमधून येणारी हवा असं सगळं धरून तुमच्या खोलीचा भार आज साडेतीन ते चार किलोवॅटच्या आसपास जातो. दीड टनाचा एसी कागदावर पाच किलोवॅटच्या थोडा वर असतो, पण तो आकडा बाहेर ३५ अंश असतानाचा. बाहेर ४५-४६ झालं की ताकद पंधरा-वीस टक्क्यांनी घसरते. तरीही चार-सव्वाचार उरतातच. गच्ची पांढरी केली आणि खिडकी बाहेरून झाकली तर भार तीनच्या खाली येतो. त्या खोलीत दोन टन लावला तर पावसाळ्यात त्याचा उलटा त्रास होतो. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर ३० अंश असतात आणि दमटपणा भरपूर. मोठा एसी पाच-सात मिनिटांत हवा थंड करतो आणि थांबतो किंवा अगदी मंद होतो. हवेतलं पाणी काढायला कॉइल, म्हणजे एसीच्या आतली थंड नळ्यांची जाळी, बराच वेळ थंड राहावी लागते, ती राहत नाही. खोली थंड असते आणि चादर ओलसर लागते. तुम्हाला हा अनुभव कुठल्या तरी हॉटेलच्या खोलीत आला असेलच.

म्हणून पहिला खर्च गच्चीवर. पावसाळ्यानंतर स्लॅबच्या भेगा भरून, वॉटरप्रूफिंग तपासून घ्या आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये उन्हाचा परावर्तक पांढरा रंग, ज्याला बाजारात कूल रूफ पेंट म्हणतात, त्याचे दोन हात द्या. पूर्ण गच्ची करायला सोसायटी तयार नसेल तर लेखी परवानगी घेऊन निदान तुमच्या बेडरूम आणि हॉलवरचा भाग करा. अगदीच हात आखडता असेल तर चुन्यात फेविकॉल मिसळून केलेला पांढरा हातही काम देतो, फक्त एका पावसाळ्यात तो धुऊन जातो, दरवर्षी द्यावा लागतो. घर अजून बांधायचं असेल, तर ब्रिकबॅट कोब्यावर (विटांच्या तुकड्यांच्या थरावर) पांढरी चायना मोझाइक, म्हणजे चकचकीत टाइल्सचे तुकडे, हा माझ्या मते सगळ्यात टिकाऊ उपाय आहे. आणि रंग दिल्यावर विसरू नका, धुळीने पांढरेपणा गेला की अर्धा फायदा गेला. मार्चमध्ये आणि मेच्या सुरुवातीला गच्ची झाडून धुऊन घ्यायची. वर शेडनेट ताणणंही उपयोगी, पण जाळी स्लॅबपासून सहा-सात फूट उंच हवी, खालून वारा खेळला पाहिजे.

कूलर काढू नका. ही चूक आजकाल बरीच कुटुंबं करतात आणि जून महिन्यात वीजबिल बघून पस्तावतात. कूलर किती गार करू शकतो हे हवेच्या कोरडेपणावर ठरतं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २३ च्या आसपास दाखवतो. हनीकोंब पॅड चांगले असतील तर कूलर त्या फरकाच्या ८० टक्क्यांपर्यंत मजल मारतो, म्हणजे बाहेरची ४५ अंशांची हवा २७-२८ वर आत येते. दीडशे-दोनशे वॅटमध्ये! एक लिटर पाणी वाफ होताना पाऊण युनिटच्या जवळपास उष्णता हवेतून ओढून घेतं, आणि मोठा डेझर्ट कूलर मे महिन्यात तासाला दहा लिटरपर्यंत पाणी पितो. हिशेब तुम्हीच करा. आता तोच कूलर जुलैत, बाहेर ३२ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असताना लावा: हवा २९ वर येते आणि खोलीभर दमटपणा. म्हणून विदर्भात कूलर आणि एसी एकमेकांचे शत्रू नाहीत, त्यांचे ऋतू वेगळे आहेत. मार्चअखेरपासून मृग लागेपर्यंत हॉलमध्ये कूलर. बेडरूममध्ये मे महिन्याच्या भाजणाऱ्या रात्री आणि पाऊस सुरू झाल्यावर एसी. एकाच खोलीत दोन्ही कधीच नको. कूलरने हवेत भरलेलं पाणी एसीला परत काढावं लागतं, त्यात वीज जाते आणि खोलीही धड होत नाही.

कूलर चालवताना समोरची खिडकी किंवा दार उघडं हवंच. जितकी हवा आत येते तितकी बाहेर गेली नाही तर अर्ध्या तासात खोली दमट होते आणि लोक म्हणतात कूलर गार करत नाही. ताट्या वूडवूलच्या असतील तर दरवर्षी बदला. हनीकोंब असेल तर दोन-तीन उन्हाळे चालतो, मात्र बोअरच्या जड पाण्याने त्यावर पांढरा थर चढला की हवाच जात नाही. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो.

लोखंडी कूलरबद्दल एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, पोरासोरांना, कामवाल्या बाईंना बसवून सांगा. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून, चालू कूलरमध्ये पाइप सोडताना शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. कूलरच्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून टेस्टरने नव्हे, मीटरने तपासून घ्या, आणि मेन बोर्डात ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर एसी घेण्याआधी तो बसवा.

आता स्टारचा प्रश्न. स्टार बघू नका, लेबलावरचा आयएसईईआरचा आकडा, म्हणजे हंगामभरात एका युनिट विजेत सरासरी किती युनिट उष्णता बाहेर काढली जाते तो, आणि त्याखालचे वर्षाचे युनिट बघा. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक करते. जुलै २०२२ मध्ये निकष बदलले तेव्हा बरेच फाइव्ह स्टार एसी एका दिवसात फोर स्टार झाले, मशीन तेच होतं. जुना स्टॉक स्वस्तात मिळत असेल तर लेबल कुठल्या काळासाठी आहे ते वाचा. लेबलावरचे युनिट वर्षाला १६०० तास वापर धरून असतात. दीड टनात आयएसईईआर ५ च्या वरचा एसी साडेसातशे-आठशे युनिट दाखवतो, ४ च्या आसपासचा साडेनऊशे-हजार. फरक दोनशेच्या जवळपास. तुम्ही फक्त रात्री सात तास, वर्षात शंभर-सव्वाशे रात्री लावणार असाल तर तास होतात साधारण ८००, फरक उरतो १०० युनिट. शेवटच्या टप्प्याचा दर १२ रुपये धरला तर वर्षाला १,२०० रुपये. दोन मॉडेलच्या किमतीत आठ-दहा हजारांचा फरक असेल तर तो भरून यायला सात-आठ वर्षं लागतील. पण तुमच्या घरात आई दिवसभर असते. दुपारीही तोच एसी लागणार असेल तर तास १५०० च्या घरात जातात आणि वरच्या आकड्याचा एसी चार-पाच वर्षांत पैसे परत देतो. तुमच्या बाबतीत म्हणून मी फाइव्ह स्टार घ्या म्हणेन. एकटा नोकरदार माणूस असता तर थ्री स्टार इन्व्हर्टरवर थांबा म्हटलं असतं.

इथे दराबद्दल एक सूचना. महावितरणचे दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढतात. एसीचे युनिट घरातल्या पंखे-फ्रिजच्या वर जाऊन बसतात, म्हणून हिशेब करताना बिलाला एकूण युनिटने भागून आलेला सरासरी दर घेऊ नका, तुमच्या उन्हाळ्याच्या बिलातला सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर घ्या.

स्टारपेक्षा नागपूरकराने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: बाहेर किती तापमानापर्यंत हा एसी चालतो, आणि ४३ किंवा ४६ अंशांना त्याची ताकद किती उरते? काही कंपन्या माहितीपत्रकात ते देतात. ५० च्या वर, ५२-५४ अंशांपर्यंत चालणारं मॉडेल घ्या. बाहेर ४६ असताना पश्चिमेच्या भिंतीवर, बंद डक्टमध्ये टांगलेल्या आउटडोअर युनिटच्या भोवतीची हवा पन्नाशी ओलांडते आणि एसी स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. ग्राहकाला वाटतं मशीन खराब.

गॅस कुठला, हेही बघा. नवीन एसीत बहुतेक आर-३२ येतो, काही कंपन्या आर-२९० म्हणजे प्रोपेन वापरतात. वातावरणाच्या दृष्टीने दोन्ही जुन्या आर-४१०ए पेक्षा बरे: कार्बन डायऑक्साइडचा १ धरला तर आर-४१०एचा तापमानवाढीचा आकडा दोन हजारांच्या वर, आर-३२चा ६७५, प्रोपेनचा अगदी नगण्य. पण आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि प्रोपेन पूर्ण ज्वलनशील. यावर काम करणारा माणूस त्याचं प्रशिक्षण घेतलेला हवा. गॅस भरलेल्या पाइपवर ब्रेझिंगची (पाइप तापवून सांधण्याची) ज्योत लावणारा माणूस दिसला तर काम तिथेच थांबवा.

बसवणं. याबद्दल मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण एसी दहा वर्षं चालणार की तीन, हे माझ्या अनुभवात त्या दोन तासांत ठरतं. घाईच्या दिवसांत, एप्रिलअखेर, एक टीम दिवसाला पाच-सहा एसी बसवते. सगळ्यात आधी वगळली जाते ती व्हॅक्यूमची पायरी. पाइप जोडले की त्यात हवा आणि ओल असते. ती पंपाने खेचून काढायची असते. त्याऐवजी बरेच जण आउटडोअरचा गॅस थोडा सोडून हवा ‘ढकलून’ देतात. हवा बरीचशी जाते, ओल जात नाही. इन्व्हर्टर एसीच्या कॉम्प्रेसरमधलं तेल ओल शोषून घेतं, मग आम्ल तयार होतं आणि दोन-तीन वर्षांत कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगला ते खातं. वॉरंटीत कॉम्प्रेसर मिळतोही, पण मे महिन्यात आठ दिवस एसीविना जातात. तेव्हा बुकिंग करतानाच सांगा: व्हॅक्यूम पंप आणाल तरच बसवा. पंप किमान वीस मिनिटं चालला पाहिजे, नंतर बंद करून दहा मिनिटं गेजचा, म्हणजे दाब मोजायच्या मीटरचा, काटा जागचा हलता कामा नये. हलला तर कुठेतरी गळती आहे, आणि ती आत्ताच सापडली हे तुमचं नशीब. फ्लेअर जोडांवर, म्हणजे पाइपचं तोंड पसरवून नटने आवळलेल्या जोडांवर, साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायला पाच मिनिटं लागतात. मार्चमध्ये बसवून घ्या, माणसांना वेळ असतो.

आउटडोअर युनिट शक्यतो उत्तर किंवा पूर्व भिंतीला. गच्चीवर ठेवावं लागलं तर वर पत्र्याची किंवा जाळीची सावली हवी, चारी बाजूंनी मोकळी. मागे निदान अर्धा फूट, पुढे दोन-तीन फूट अडथळा नको. पाइप जितका छोटा तितका चांगला. कंपनीने ठरवलेल्या लांबीपेक्षा जास्त पाइप लागला तर दर मीटरमागे किती ग्रॅम गॅस वाढवायचा हे पुस्तिकेत दिलेलं असतं, अंदाजाने नाही, काट्यावर मोजून. पाइपवरचं काळं इन्सुलेशन उन्हात दोन वर्षांत भुगा होतं, त्यावर यूव्ही टेप किंवा पीव्हीसी केसिंग घाला. ड्रेन पाइपला उतार आहे ना, हे बाटलीभर पाणी इनडोअरच्या ट्रेमध्ये ओतून माणसं जाण्याआधी बघून घ्या. वायरिंगला बोर्डापासून वेगळी, ४ चौरस मिलिमीटर तांब्याची लाइन आणि स्वतंत्र एमसीबी. तुमच्या भागात व्होल्टेज वर-खाली होत असेल तर स्टेबिलायझर लावा. इन्व्हर्टरला लागत नाही असं सांगतात, ते पुस्तिकेत दिलेल्या व्होल्टेजच्या मर्यादेत खरं आहे, त्याबाहेर पीसीबी (एसीतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) जातं आणि त्याचा खर्च स्टेबिलायझरच्या कितीतरी पट असतो.

आता तुमच्या जुन्या एसीच्या गॅसबद्दल. एसीमधला गॅस वापरून संपत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला म्हणजे गळला. दर उन्हाळ्यात दोन-तीन हजारांचा गॅस भरून देणारा मेकॅनिक गळती तशीच ठेवून जातो, आणि पुढच्या वर्षी त्याला पुन्हा बोलवावं लागतं. गळती शोधायची पद्धत सरळ आहे: उरलेला गॅस काढून घ्यायचा, नायट्रोजन भरायचा, दाब नोंदवून ठेवायचा, फेसाने जोड तपासायचे, आणि गरज पडली तर रात्रभर तसाच ठेवून सकाळी काटा बघायचा. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनचा सिलिंडर आणला तर त्याला हात लावू देऊ नका. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम, मग प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस. 

आणि मुळात गॅस कमी आहे का, हेही प्रश्नचिन्हच. आउटडोअरची कॉइल धुळीने आणि कबुतरांच्या पिसांनी भरली की एसी तसाच कमी गार करतो. गेज लावल्याशिवाय ‘गॅस कमी आहे’ म्हणणाऱ्याला विचारा, दाब किती, अँपियर किती? कॉइल चोंदली असेल तर दाब वाढलेला असतो, गॅस कमी असेल तर घटलेला. घरच्या घरी एवढं करता येतं: फिल्टर धुवा, एसी सगळ्यात कमी तापमानावर आणि पूर्ण पंख्यावर पंधरा मिनिटं चालवा, साधा थर्मामीटर वर आत जाणाऱ्या हवेत आणि मग खाली बाहेर येणाऱ्या हवेत धरा. फरक ८ ते १२ अंशांचा हवा. ४-५ च असेल किंवा आउटडोअरजवळच्या बारीक पाइपवर बर्फ दिसत असेल तर माणूस बोलवा.

तुमचं मशीन आर-२२ या जुन्या गॅसवर चालणारं असेल तर मी त्यावर खर्च करू नका म्हणेन. मॉन्ट्रियल करारानुसार तो गॅस टप्प्याटप्प्याने बंद होत चालला आहे आणि त्यात दुसरा गॅस भरून देणारे पुढे आणखी बिघाड करून ठेवतात. गळती कॉइलमध्ये असेल तरी हेच. फ्लेअरच्या जोडातून असेल आणि बाकी मशीन ठीक असेल, तर गच्ची पांढरी करून जुन्याच एसीने एक उन्हाळा काढून बघा. माझा अंदाज आहे की खोली किती लवकर गार होते ते बघून तुम्ही दोन टनाचा विचार सोडून द्याल.

देखभालीत सगळ्यात मोठं काम सगळ्यात फुकट आहे: उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी फिल्टर नळाखाली धुऊन सावलीत वाळवणं. नागपूरच्या धुळीत महिना फार झाला. वर्षातून दोनदा सर्व्हिसिंग, एकदा मार्चमध्ये आणि एकदा पावसाळा संपल्यावर. इनडोअरच्या कॉइलबरोबर आतला लांब गोल पंखाही, ज्याला ब्लोअर म्हणतात, तो साफ झाला पाहिजे. त्याच्या पात्यांवर चिकटलेला काळा थर वारा निम्म्यावर आणतो आणि कुबट वासही तिथूनच येतो. आउटडोअर धुताना पाण्याचा मारा आतून बाहेर, म्हणजे धूळ आली त्याच्या उलट दिशेने. जेटचा दाब कमी ठेवायला सांगा, अॅल्युमिनियमचे पत्रे वाकले की हवा जात नाही. ॲसिडने कॉइल चकचकीत करून देणाऱ्याला नको म्हणा, तांबं पातळ होतं. आउटडोअरच्या पीसीबीच्या डब्याचं झाकण आणि रबर नीट बसलंय का बघा. आपल्याकडे पाली आणि मुंग्या पीसीबीवर मरून शॉर्ट करतात, बंद पडलेल्या इन्व्हर्टर एसीचं झाकण उघडलं की बरेचदा पालच सापडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एसी बंद करून ठेवताना अर्धा-पाऊण तास नुसत्या फॅन मोडवर चालवून कॉइल कोरडी करा, मग एमसीबी खाली.

कोकणात किंवा गोव्यात राहणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांचं गणित वेगळं: कूलर तिथे उपयोगाचा नाही, आणि एसीचा वैरी धूळ नसून खारं वारं आहे. समुद्राजवळच्या घरात महिन्यातून एकदा आउटडोअर गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुतला तर कॉइल काही वर्षं जास्त टिकते.

चालवण्याबद्दल दोन ओळी. २६ वर एसी आणि मंद पंखा, हे २४ वर एसी आणि पंखा बंद याच्या बरोबरीचं वाटतं, आणि दर अंशामागे पाच-सहा टक्के वीज वाचते. पंखा बीएलडीसी घेतलात तर ७५ वॅटच्या जागी ३० वॅट. संध्याकाळी खोली भट्टीसारखी असते तेव्हा एसी लावण्याआधी दारं-खिडक्या दहा मिनिटं उघडून एक्झॉस्ट चालवा, कोंडलेली गरम हवा फुकटात बाहेर जाते. आणि १६ वर ठेवल्याने खोली लवकर गार होते हा समज साध्या एसीत तरी निव्वळ चुकीचा आहे, त्याचा कॉम्प्रेसर चालू असतो किंवा बंद.

राहिली आईंची थंडी. नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ८ ते १२ अंशांवर येतात, आणि शेवटच्या मजल्याचा स्लॅब जसा उन्हाळ्यात तापतो तसा हिवाळ्याच्या रात्री गार पडतो. एसी नवीन घेणारच आहात, तर त्याच खोलीसाठी हॉट अँड कोल्ड घ्यायला माझी पसंती आहे. दोन हजार वॅटचा हीटर तासाला दोन युनिट खाऊन दोन युनिटच उष्णता देतो. हॉट अँड कोल्ड एसी बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, आपल्याकडच्या थंडीत एका युनिटला साधारण तीन युनिट उष्णता मिळते. खोली कोंडत नाही, उघडी तार नाही, गोधडी पेटण्याची भीती नाही. मात्र गरम हवा वर तरंगते, म्हणून झडपा पूर्ण खाली वळवा आणि पंखा मध्यम ठेवा. लेबलावरचे तारे फक्त गार करण्याचे असतात, गरम करण्याची क्षमता माहितीपत्रकात वेगळी बघा. किमतीतला फरक जास्त वाटला आणि जेमतेम महिनाभरच गरज पडत असेल, तर थर्मोस्टॅट असलेला तेलाचा रेडिएटर घ्या. तो सावकाश तापतो, म्हणून झोपण्याच्या तासभर आधी लावा आणि त्यावर कपडे वाळत घालू नका.

काहीही झालं तरी बंद खोलीत कोळशाची सिगडी ठेवू नका, रात्रभर तर नाहीच. कोळसा जळताना जो कार्बन मोनॉक्साइड निघतो त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला काही कळण्याआधी तो घात करतो. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तोही याच कारणासाठी बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या बाल्कनीत हलवून घ्या. एसी बसवायला येणारा माणूस भिंतीला भोक पाडायचं ड्रिल घेऊन येतोच, त्याच दिवशी प्लंबरला बोलवून तेही काम करून टाका.